युद्धाच्या प्रदेशातील बाळंतपण आणि सुईण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात संघर्षग्रस्त देशांतील प्रसूतिसेवेविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदे येथील वाचकांची जी पत्रे आली, त्यांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहे. परिचर्या महाविद्यालयात प्रसूतिशास्त्र शिकवण्यात माझी बहुतेक नोकरी गेली असल्यामुळे एक-दोन उत्तरे लांबली आहेत, याची पत्रलेखकांनी कृपया नोंद घ्यावी. या उत्तरांत ‘सुईण’ म्हणजे प्रसूतिसेवेचे रीतसर शिक्षण घेतलेली स्त्री आणि ‘दाई’ म्हणजे परंपरेने व अनुभवाने बाळंतपणे करणारी स्त्री, असा फरक केला आहे.

प्रश्न : वर्तमानपत्रांत बॉम्बहल्ल्यात कोसळलेल्या प्रसूतिगृहांची छायाचित्रे येतात. युद्धात गर्भवती स्त्रिया मुख्यतः अशा हल्ल्यांमुळेच दगावतात का? तसे असेल, तर तेथे सुईण काय करू शकणार?
(निवृत्त अभियंता, ग्वाल्हेर)

त्या छायाचित्रांमागील घटना खऱ्या आहेत. ९ मार्च २०२२ रोजी युक्रेनमधील मारिउपोलच्या प्रसूतिगृहावर हल्ला झाला. त्याआधी १२ मे २०२० रोजी काबूलच्या दश्त-ए-बार्ची भागातील रुग्णालयाच्या प्रसूती विभागात बंदूकधारी शिरले होते. त्यांनी मारलेल्या २४ जणांमध्ये १६ माता होत्या आणि तेथे काम करणारी एक अफगाण सुईणही होती. तरीसुद्धा आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, रक्तदाब वाढून येणारे झटके, जंतुसंसर्ग, अडलेले बाळंतपण आणि असुरक्षित गर्भपात ही मातामृत्यूची कारणे युद्ध नसलेल्या ठिकाणीही तीच आहेत, आणि त्यांवरचे उपचार वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २,६०,००० माता दगावल्या, आणि त्यांतील जवळजवळ दोन-तृतीयांश मृत्यू संघर्षग्रस्त किंवा अस्थिर देशांत झाले. म्हणजे आजार तेच असले, तरी उपचार तेथवर पोहोचत नाहीत.

आपण अभियंता आहात, म्हणून हिशेबानेच सांगते. उपचार मुळीच मिळाले नाहीत, तर गुंतागुंत सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत सरासरी किती अवधी हाती असतो, याचे अंदाज मातामृत्यूच्या अभ्यासकांनी फार पूर्वीच मांडले आहेत. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात तो अवधी सुमारे २ तासांचा असतो, बाळंतपणापूर्वीच्या रक्तस्रावात १२ तासांचा, गर्भाशय फाटल्यास १ दिवसाचा, झटक्यांमध्ये २ दिवसांचा, अडलेल्या बाळंतपणात ३ दिवसांचा आणि जंतुसंसर्गात ६ दिवसांचा. आता या आकड्यांच्या शेजारी सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतची संचारबंदी ठेवून पाहा. अडलेली बाळंतीण कदाचित सकाळी निघून रुग्णालयापर्यंत पोहोचेल. रात्री नऊ वाजता जिला रक्तस्राव सुरू झाला, तिच्यासाठी मात्र शहरातील उत्तम शस्त्रक्रियागृह असून नसल्यासारखेच आहे.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूमागील तीन विलंब मांडले : घरून निघण्याचा निर्णय घेण्यातला, रुग्णालयापर्यंत पोहोचण्यातला आणि तेथे पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. युद्ध हे तिन्ही विलंब एकाच वेळी वाढवते. घरची माणसे गोळीबाराच्या भीतीने निघत नाहीत, निघाली तर नाक्यानाक्यावर अडवली जातात, आणि पोहोचल्यावर कळते की भूलतज्ज्ञ कधीच देश सोडून गेले आहेत. त्याच वस्तीत राहणारी प्रशिक्षित सुईण पहिले दोन विलंब बऱ्याच अंशी टाळू शकते. तिचे महत्त्व आहे ते या दोन तासांच्या हिशेबामुळे. तिच्या त्यागाची वर्णने आपण पुष्कळ वाचतो, हा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो.

प्रश्न : आमच्या पाठ्यपुस्तकांत सुसज्ज रुग्णालय गृहीत धरलेले असते. वीज नाही, डॉक्टर नाहीत, रक्तपेढी नाही, अशा ठिकाणी सुईण अतिरक्तस्राव कसा हाताळते?
(परिचर्या अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी, राजेंद्रनगर, इंदूर)

तुझा प्रश्न वाचून बरे वाटले, कारण परीक्षेत कोणी हा प्रश्न विचारत नाही. सुरुवात तुला ठाऊक असलेल्या औषधापासूनच करू. बाळ जन्मल्यानंतर पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून मिनिटाभरात १० युनिट ऑक्सिटोसिन हे गर्भाशय आकुंचित करणारे औषध स्नायूत द्यायचे, हा नियम सर्वत्र एकच आहे. अडचण अशी की ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. युद्धात शीतसाखळी फार लवकर तुटते, आणि उष्णतेत राहिलेल्या कुपीचा गुण उतरला आहे हे बाहेरून पाहून कळत नाही. सुईण इंजेक्शन देते, गर्भाशय आकुंचन पावत नाही, आणि दोष औषधात आहे की रुग्णात, हे ठरवण्यातच मोलाची मिनिटे जातात. म्हणून अशा ठिकाणी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या जवळ ठेवतात. रक्तस्राव होऊ नये म्हणून ६०० मायक्रोग्रॅम तोंडाने देतात. थंडी वाजून ताप येणे हा या गोळ्यांचा नेहमीचा दुष्परिणाम बाळंतिणीला आधीच सांगून ठेवावा लागतो, नाहीतर घरची माणसे घाबरतात. या गोळ्यांना फ्रिज लागत नाही, मात्र दमट हवेत त्या खराब होतात. त्याखेरीज उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन हे इंजेक्शन जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये शिफारस केलेल्या औषधांत आले; ते ३० अंशांपर्यंतच्या तापमानात दीर्घकाळ टिकते.

औषधाइतकेच महत्त्व रक्त मोजण्याला आहे. चादरीवर पसरलेले रक्त अनुभवी डोळ्यांनाही प्रत्यक्षाहून कमी भासते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि तांझानिया येथील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बाळंतिणीच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावण्यात आली, आणि ठरावीक खूण ओलांडताच गर्भाशयाचे मर्दन, गर्भाशय आकुंचित करणारे औषध, रक्ताची गुठळी टिकवून धरणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, शिरेतून द्रव आणि रक्तस्रावाच्या कारणाची तपासणी हे सर्व उपाय एकामागून एक न करता एकत्रच सुरू करण्यात आले. त्यामुळे गंभीर रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटले. ती रुग्णालये रणभूमीवरची नव्हती, हे लक्षात ठेवायला हवे. परंतु त्या पद्धतीतील कोणत्याही गोष्टीला मोठे यंत्र लागत नाही. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा उपयोग २०१७ मधील सुमारे २०,००० स्त्रियांवरील चाचणीत दिसून आला. १ ग्रॅम शिरेतून द्यावे आणि बाळंतपणानंतर ३ तासांच्या आतच द्यावे.

एवढ्यानेही रक्त थांबले नाही, तर काय करावे, याचे एक उत्तर आपल्या शेजारच्या देशातून आलेले आहे. ढाक्याच्या प्रसूतितज्ज्ञ डॉ. सायेबा अख्तर यांनी महागडे आयात फुगे परवडत नाहीत म्हणून रबरी नळीला निरोध बांधला, तो गर्भाशयात सरकवला आणि सलाइनने फुगवून आतून दाब दिला. २००३ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आज अनेक देशांत सुइणींना ती शिकवली जाते. दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरणे, पोटावरून महाधमनी दाबणे आणि पायांपासून पोटापर्यंत आवळून बांधायचा विशेष पोशाख घालणे हे उपाय रुग्णालयात पोहोचेपर्यंत काही तास मिळवून देतात.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. रक्ताला आणि सिझेरियनला पर्याय नाही. अडलेल्या बाळंतपणात सुईण फार तर वेळीच ओळखेल, पार्टोग्राफवरची, म्हणजे प्रसूतीची प्रगती नोंदवण्याच्या आलेखावरची, रेषा वळताना पाहील, आणि रस्ता मोकळा असेपर्यंत स्त्रीला हलवेल. एकटी सुईण पुरेशी आहे असे जे कोणी सांगतात, ते तिच्यावर अन्याय करतात आणि बाळंतिणीवर अधिकच करतात.

प्रश्न : माझी चारही बाळंतपणे लष्कर भागातील आमच्या जुन्या घरी दाईच्या हातून सुखरूप झाली. मग युद्धाच्या ठिकाणी गावच्या दायांवरच काम का सोपवत नाहीत?
(एक आजी, लष्कर, ग्वाल्हेर)

आजी, आपला अनुभव खरा आहे आणि आपल्या दाईचा हात चांगला होता, यात शंका नाही. आपत्कालीन नियोजनात १०० पैकी साधारण १५ गर्भवतींना गंभीर गुंतागुंत होईल असे धरून चालतात. म्हणजे उरलेल्या ८५ जणी कोणाच्याही हाती सुखरूप सुटण्याचा संभव मोठा असतो. अडचण एवढीच की त्या १५ जणी कोणत्या, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. १९७० नंतर अनेक देशांनी दायांना लहान-लहान प्रशिक्षणे दिली. नाळ कापण्यातील स्वच्छता सुधारली, परंतु मातामृत्यू अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत, कारण रक्तस्राव सुरू झाल्यावर दाईच्या हाती ना औषध होते, ना ते देण्याचा अधिकार. म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रशिक्षित सुईण, परिचारिका किंवा डॉक्टर यांवर भर देण्याचे धोरण ठरले.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अफगाणिस्तान आहे. २००२ च्या सुमारास तेथे केलेल्या पाहणीत १,००,००० जिवंत जन्मांमागे सुमारे १,६०० माता दगावत होत्या, आणि बदख्शान प्रांतातील राघ या दुर्गम जिल्ह्यात हा आकडा ६,५०० च्या आसपास होता. त्या वेळी साऱ्या देशात पाचशेही प्रशिक्षित सुइणी नव्हत्या. नंतर गावानेच निवडलेल्या मुलींना सुमारे दोन वर्षांचे शिक्षण देऊन त्याच गावी परत पाठवण्याचा कार्यक्रम सुरू झाला, आणि दशकभरात ही संख्या काही हजारांवर गेली. परक्या पुरुष डॉक्टरकडे सुनेला न नेणारी सासू आपल्याच गावच्या मुलीकडे तिला नेऊ लागली. त्यामुळेच डिसेंबर २०२४ मध्ये तालिबानने मुलींना वैद्यकीय संस्थांतील परिचर्या आणि प्रसूतिशास्त्राच्या शिक्षणासही मज्जाव केला, तेव्हा तो निर्णय शिक्षणापुरता राहिला नाही. आज काम करणाऱ्या सुइणी निवृत्त होतील, तेव्हा त्यांच्या जागी येणारे कोणी तयार होत नाही.

सुदानमध्ये ही परंपरा बरीच जुनी आहे. ओमदुर्मान येथे १९२१ मध्ये मेबेल वुल्फ या इंग्रज सुईणीने प्रसूतिशिक्षणाची शाळा सुरू केली आणि तेथून खेड्याखेड्यांत सुइणी गेल्या. एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटून खार्टूममधील रुग्णालये बंद पडू लागली, तेव्हा वस्त्यांमध्ये राहणाऱ्या अशा सुइणींनीच घरोघरी जाऊन बाळंतपणे केली.

दाईला यात स्थान नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. बाळंतिणीचा तिच्यावर विश्वास असतो. धोक्याची लक्षणे ओळखून स्त्रीला वेळेवर पुढे पाठवणे आणि सोबत राहून धीर देणे हे काम ती इतर कोणाहीपेक्षा चांगले करते. नक्षलग्रस्त गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले, तेव्हा दायांनाही त्या कामात सामील करून घेतले होते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालकांचा मृत्युदर निम्म्याहून अधिक घटलेला दिसला.

प्रश्न : स्फोटांच्या भीतीने दिवस भरण्याआधीच बाळंतपण होते, हे खरे का? अशा बाळाला काचेच्या पेटीशिवाय जगवता येते का?
(वाचक, सुदामानगर, इंदूर)

तीव्र मानसिक ताण, उपासमार आणि संसर्ग यांचा अकाली प्रसूतीशी संबंध आढळतो. एखाद्या स्फोटाकडे बोट दाखवून हेच कारण, असे मात्र सांगता येत नाही. पेटीविषयी म्हणाल, तर १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, म्हणून बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत डॉक्टरांनी सुरू केली. आज कमी वजनाच्या आणि अकाली जन्मलेल्या बाळांना जन्मानंतर लगेचच असे ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या चाचणीवर ही शिफारस मुख्यतः आधारलेली आहे, तिच्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही सहभागी होते. वीज जाणाऱ्या ठिकाणी या पद्धतीचे मोल अर्थातच अधिक आहे. श्वासच नीट घेऊ न शकणाऱ्या बाळाला मात्र एवढे पुरत नाही.

प्रश्न : आंतरराष्ट्रीय कायदा सुइणींना आणि बाळंतिणींना नेमके काय संरक्षण देतो? भारताला ते बंधनकारक आहे का?
(विधी शाखेचा विद्यार्थी, बडोदे)

१९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारातील अनुच्छेद १६ नुसार जखमी, आजारी आणि गर्भवती स्त्रिया यांना विशेष संरक्षण आहे. अनुच्छेद १८ नुसार प्रसूतिसेवा देणाऱ्या नागरी रुग्णालयांवर कोणत्याही परिस्थितीत हल्ला करता येत नाही, अनुच्छेद २० तेथील कर्मचाऱ्यांना संरक्षण देतो, आणि अनुच्छेद २३ गर्भवती व बाळंतिणींसाठीचे अन्न, कपडे आणि शक्तिवर्धक औषधे यांना वाट मोकळी करून देण्यास सांगतो. रुग्णालयाचा वापर शत्रूला अपाय करणाऱ्या कृत्यांसाठी झाला, तरच हे संरक्षण संपते, आणि तेही आधी इशारा व पुरेशी मुदत देऊन. १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलने (या करारांना जोडलेल्या पूरक कराराने) एक पाऊल पुढे टाकले आहे : त्यात ‘जखमी व आजारी’ या संज्ञेतच गर्भवती, बाळंतीण आणि नवजात बालक यांचा समावेश होतो, आणि कोणत्या पक्षाच्या व्यक्तीवर उपचार केले यावरून वैद्यकीय सेवकाला शिक्षा करता येत नाही. दुसऱ्या बाजूच्या सैनिकाच्या पत्नीचे बाळंतपण केले, म्हणून सुईणीला धमकावले जाते, तेव्हा हीच तरतूद मोडलेली असते.

भारत १९४९ च्या करारांना बांधील आहे आणि त्यासाठी १९६० चा स्वतंत्र कायदाही आपल्याकडे आहे. १९७७ च्या अतिरिक्त प्रोटोकॉलना मात्र भारताने संमती दिलेली नाही. ३ मे २०१६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २२८६ संमत करून आरोग्यसेवेवरील हल्ल्यांचा निषेध केला. काबूल आणि मारिउपोल येथील हल्ले त्यानंतरचे आहेत. कायद्यात उणीव फारशी नाही. तपास आणि शिक्षा जवळजवळ होतच नाहीत, हे दुखणे आहे. आपल्याला पुढे याच विषयात अभ्यास करायचा असेल, तर तेथून सुरुवात करावी.

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंग करून शहरातील एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात काम करते. तिला आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत युद्धग्रस्त देशात जायचे आहे. आम्ही दोघे फार काळजीत आहोत. ताई, तिला जाऊ द्यावे का?
(एक आई, लोकमान्यनगर, इंदूर)

जाऊ द्यावे की नाही, हे मी सांगणार नाही. घाईने जाऊ देऊ नये, एवढे मात्र नक्की सांगते. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’सारख्या संस्था सुइणींना घेताना सामान्यतः पात्रतेनंतर किमान दोन वर्षांचा अनुभव मागतात, इंग्रजी पाहतात, आणि फ्रेंच किंवा अरबी येत असेल तर प्राधान्य देतात. आपल्या मुलीची नोंदणी परिचारिका आणि प्रसूतिसेविका अशी दोन्ही असेलच. तरीही तिला एक प्रश्न विचारून पाहा : तिने स्वतःच्या हाताने, कोणी डॉक्टर शेजारी नसताना, किती बाळंतपणे केली आहेत? आपल्याकडील मोठ्या रुग्णालयांत निर्णय डॉक्टर घेतात आणि परिचारिका तो अमलात आणतात. तिकडे पायाळू बाळ, जुळी, झटके, निपचित पडलेले नवजात बालक हे सर्व प्रथम तिच्यासमोर येईल. केंद्र शासनाने २०१८ मध्ये प्रसूतिसेवेविषयी मार्गदर्शक सूचना जाहीर करून १८ महिन्यांचा जो विशेष अभ्यासक्रम आखला आहे, तो याच उणिवेसाठी आहे; तो करता आला तर उत्तम.

दुसरे असे की तेथे गेलेल्या परदेशी सुईणीचे निम्मे काम शिकवण्याचे असते. या संस्थांचे बहुसंख्य कर्मचारी स्थानिकच असतात, आणि सर्वाधिक धोकाही तेच सोसतात. काबूलमध्ये मारली गेलेली सुईण अफगाण होती, हे वर आलेच आहे. परदेशी कर्मचाऱ्यांसाठी येण्याजाण्याच्या वेळा, निवास आणि परत बोलावण्याचे नियम कडक असतात. पहिली नेमणूक बहुधा काही महिन्यांची असते आणि ठिकाण न पटल्यास नकार देता येतो. हे सर्व लेखी विचारून घ्यावे, विमा कोणता आहे तेही पाहावे. धोका शून्य आहे, असे आपल्याला कोणी सांगितले, तर त्या माणसावर विश्वास ठेवू नये.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाने युद्धग्रस्त भागातील बाळंतिणींसाठी वर्गणी जमवली आहे. दुधाच्या पावडरीचे डबे, बाटल्या आणि जुने कपडे पाठवावेत, असा विचार आहे. कसे पाठवावे?
(महिला मंडळाच्या कार्यवाह, दांडिया बाजार, बडोदे)

दुधाची पावडर आणि बाटल्या कृपा करून पाठवू नयेत. जेथे पिण्याचे पाणी गढूळ आहे आणि ते उकळायला इंधन नाही, तेथे बाटलीतून बाळाच्या पोटात जंतूच जातात. मे २००६ मध्ये इंडोनेशियातील योग्यकर्ता भागात भूकंप झाल्यावर देणगीची पावडर सर्रास वाटली गेली; पुढे केलेल्या पाहणीत ती मिळालेल्या बालकांमध्ये अतिसाराचे प्रमाण न मिळालेल्यांच्या दुपटीहून अधिक आढळले. ताणामुळे आईचे दूध आटते, ही समजूतही बरोबर नाही. दूध उतरायला काही वेळ लागतो, पण बाळ वारंवार छातीशी घेतले आणि आईला पुरेसे खायला-प्यायला मिळाले, तर ते येत राहते. ज्या बाळाला आई उरलेली नाही किंवा दुसरा मार्गच नाही, त्याच्यासाठी आरोग्यसेवक पावडर देतात, परंतु ती देखरेखीखाली आणि स्वच्छ पाण्यासह. आपल्या देशातही १९९२ च्या कायद्याने अशा पावडरीच्या जाहिरातीवर आणि फुकट वाटपावर कडक बंधने घातली आहेत.

युद्धाच्या ठिकाणी गर्भवतीला शेवटच्या महिन्यांत एक लहान संच देतात. त्यात साबण, प्लास्टिकची चादर, हातमोजे, नवे ब्लेड, नाळ बांधायची फीत आणि सुती कापड असते. रुग्णालय गाठता आले नाही, तर निदान हात, जागा आणि नाळ स्वच्छ राहावी, हा त्यामागील हेतू. हे संच संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी मोठ्या संख्येने तयार करून पाठवतो; बडोद्याहून वेगळे खोके पाठवण्यात खर्च होईल आणि ते कोणत्या तरी बंदरात पडून राहतील. म्हणून वर्गणी रोख स्वरूपात, तेथे प्रत्यक्ष काम करणाऱ्या आणि भारतात नोंदणी असलेल्या संस्थेला द्यावी, आणि देताना विचारावे की औषधे व स्थानिक सुइणींचे मानधन यांवर किती खर्च होतो. सुदानमध्ये अनेक आरोग्यसेवकांनी महिनोन्‌महिने वेतनाविना काम केले आहे, पण त्यांच्या वेतनासाठी देणगी द्यावी असे सहसा कोणाला सुचत नाही.

राहता राहिले जुने कपडे. मऊ सुती साड्या आपल्याच शहरातील प्रसूती विभागात आधी विचारून द्याव्यात. धुऊन, कडक उन्हात वाळवून आणि फाटक्या बाजूला काढून. तेथील परिचारिकांनी नको म्हटल्यास आग्रह करू नये.